जुनी लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल पारखताना

लीव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाखालचा लीव्हर खाली-वर करून काडतूस चढवायची रायफल. तिची संग्राहकी किंमत मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचं तिच्यावर किती शिल्लक आहे. मूळ ब्लूइंग (धातूवरची निळसर-काळी झिलई), मूळ लाकूड, मूळ स्क्रू. हे एकदा घासून गेलं की कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. त्यामुळे मॉडेलांची यादी पाठ करण्याआधी धातू बघायला शिकावं.

हातात घेतल्याबरोबर लीव्हर पूर्ण उघडा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा आणि मॅगझिनची म्हणजे काडतुसं साठवण्याची नळीही तपासा. जुन्या, कमजोर स्प्रिंगमुळे एखादं काडतूस नळीत अडकून राहतं आणि लीव्हर चालवूनही बाहेर येत नाही.

मग प्रखर प्रकाशात रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते त्या मधल्या धातूच्या भागाच्या, कडा बघा. कडा धारदार, सपाट पृष्ठभाग आरशासारखे सरळ आणि छापील अक्षरांच्या कडा ठसठशीत असतील तर धातूला पॉलिशचं चाक लागलेलं नाही. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा दिसला किंवा नळीवर (बॅरलवर) छापलेला कारखान्याचा पत्ता एका टोकाला पुसट झाला असेल, तर वरचं ब्लूइंग कितीही गडद असो, ते नंतरचं आहे. लाकूड मूळचं धातूपेक्षा किंचित उंच बसवलेलं असे. ते धातूच्या खाली गेलेलं दिसलं की दस्ता सँडपेपरने घासला आहे असं समजा. स्क्रूच्या खाचा चेमटलेल्या असतील तर आत कोणीतरी हात घातला आहे. तसं असेल तर आतले भाग विशेष काळजीने तपासा.

सगळीकडे सारखी, शांत तपकिरी झाक असलेली रायफल चकचकीत नव्या ब्लूइंगच्या रायफलीपेक्षा केव्हाही चांगली. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो, पण जाणकार खरेदीदार पैसे याच फरकाला देतात.

मॉडेल ओळखताना खुणा पक्क्या हव्यात. १८६० च्या हेन्रीला पुढचं लाकूड नसतं आणि काडतुसं मॅगझिनच्या पुढच्या टोकाकडून भरतात. रिसीव्हरच्या बाजूला भरणीचं झाकण आलं ते १८६६ च्या विंचेस्टरपासून. त्यामुळे बाजूला झाकण असलेली ‘हेन्री’ हेन्री नव्हे. विंचेस्टर १८७३ वर रिसीव्हरच्या वरचं सरकतं धूळझाकण बघा. पहिल्या प्रकारात ते रिसीव्हरमध्येच कोरलेल्या खाचांत सरकतं, दुसऱ्यात मधली पट्टी वेगळी असून स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिसऱ्यात ती पट्टी रिसीव्हरचाच भाग असते. झाकण हरवलेल्या रायफली पुष्कळ. नव्याने बनवलेलं झाकण लावलेलं असेल तर त्याची झीज आणि रंग बाकीच्या धातूशी जुळत नाही.

मूळ १८७३ कधीही .४५ कोल्टमध्ये बनली नाही. तिची कॅलिबर (काडतुसाची मापं) मुख्यतः .४४-४०, .३८-४० आणि .३२-२० होती. .४५ कोल्टची ‘७३’ दिसली तर ती इटालियन प्रतिकृती आहे किंवा नळी बदललेली आहे. प्रतिकृतीला कृत्रिम जुनाटपणा देऊन विकणारेही असतात. नळीच्या खालच्या बाजूला इटालियन चाचणीचे शिक्के किंवा ते घासून काढल्याचा उथळ खळगा शोधा. कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलीची, नळी साधारण २० इंच आणि रायफलीची २४ इंच असते. रायफल कापून केलेली कार्बाइन बाजारात कायम फिरते. पुढच्या सायटीची जागा, मॅगझिनचं टोक आणि नळीचं तोंड यांची झीज एकमेकांशी जुळते का ते पडताळा.

यंत्रणेकडे वळा. घोडा (हॅमर) अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे ओढून अडकतो तिथे, ठेवा, लीव्हर घट्ट दाबून धरा आणि चाप हलकेच ओढा. लीव्हर दाबायचं कारण असं की १८७३ मध्ये त्याशिवाय चाप सुटतच नाही. घोडा घसरला तर खाच झिजली किंवा तुटली आहे. १८६६ आणि १८७३ चे बाजूचे पत्रे एकाच स्क्रूवर असतात. ते उचकटू नका. स्क्रू काही फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलके ठोके द्या, म्हणजे पलीकडचा पत्रा सुटतो. आत जोडसांध्यांची (गोळी सुटताना चेंबर मागून बंद धरणाऱ्या दुव्यांची) भोकं लांबट झालेली दिसली तर ती रायफल फक्त भिंतीवर टांगायची. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत तंतोतंत बसणारं, समांतर धारेचं असावं. नळी आतून काळपट आणि खड्ड्यांची असणं त्या काळातल्या रायफलींत नेहमीचं, कारण तेव्हाच्या काळ्या बंदुकीच्या दारूचे क्षार ओल खेचतात. त्याने किंमत उतरते, पण बाहेरचं मूळ रूप टिकलेलं असेल तर एवढ्यावरून नाकारू नये.

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल प्राचीन ठरते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. हिशेब रिसीव्हरच्या निर्मितीचा. इथे गल्लत अशी होते की विंचेस्टरच्या अनुक्रमांकांवरून वर्ष सांगणाऱ्या जुन्या छापील याद्या आणि कारखान्याच्या मूळ नोंदी काही मॉडेलांत जुळत नाहीत. १८९४ मॉडेलच्या १८९८ च्या सीमेवरच्या क्रमांकासाठी एका यादीवर विसंबू नका. वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून शुल्क भरून कारखान्याच्या नोंदींचं पत्र मिळतं. त्यात नोंदी शिल्लक असलेल्या क्रमांकांसाठी कॅलिबर, नळीचा प्रकार आणि रवानगीची तारीख असते. विक्रेता ‘कारखान्याची खास ऑर्डर’ म्हणत असेल तर पैसे देण्याआधी हे पत्र मागवा.

घरी आणल्यावर शक्य तितकं कमी करा. सैल गंज ०००० नंबरच्या स्टील वुलने, भरपूर तेल लावून, हलक्या हाताने. कोरडं घासलं तर शिल्लक ब्लूइंगही निघतं. नंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर. लाकडाला वार्निश नको. कातडी म्यान किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका. दोन्ही ओल धरतात आणि चामड्यातली आम्लं धातू खातात. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा आणि हाताळताना सुती मोजे घाला, कारण बोटांच्या घामाचे ठसे काही आठवड्यांत गंजून दिसू लागतात.

काळ्या दारूच्या काळातल्या रायफलीत आधुनिक धूरविरहित दारूची काडतुसं घालू नका. १८६६ आणि १८७३ चे सांधे तो दाब झेलण्यासाठी बनवलेलेच नाहीत.