पत्त्यांच्या बेरजेवर बाजार भरवा

ट्रेडरसारखा विचार करायला शिकवायचंय? मग पहिल्या दिवशी स्क्रीन, चार्ट, कँडल यातलं काहीही समोर ठेवू नका. पत्त्यांचा कॅट, सहा माणसं आणि कागद-पेन्सिल पुरे. खोट्या पैशांनी खऱ्या शेअरचे सौदे करायला लावणारी अ‍ॅप्स पहिल्या धड्याला मला पटत नाहीत. तिथे भाव आयता मिळतो, आपला भाव कुणाला सांगावा लागत नाही.

प्रत्येकाला एक पत्ता द्या, तो त्यानेच बघायचा. मधे तीन पत्ते पालथे. एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३. सौदा या नऊ पत्त्यांच्या बेरजेचा. शेवटी बेरीज ७० निघाली, तर ६५ ला घेणाऱ्याने ५ गुण कमावले, विकणाऱ्याचे ५ गेले. हातात काही नसतानाही विकता येतं हे आधीच सांगा, नाहीतर सगळे नुसते घेत सुटतात.

सौदे सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवायचा. ही पायरी गाळू नका. कॅटमधल्या पत्त्याची सरासरी ७, म्हणजे पत्ता बघितलाच नाही तर ६३. हातात राजा असेल तर साधारण ६८, एक्का असेल तर ५८. राजा आला म्हणून ७५ लिहिणारा एक तरी भेटतोच. त्याला उरलेल्या आठ पत्त्यांचा हिशेब करायला लावा.

आता मुख्य नियम. कुणी भाव विचारला की दोन्ही बाजूंनी सांगायचा, आणि दोन्हींत ४ पेक्षा जास्त अंतर नको. ‘६१ ला घेतो, ६५ ला देतो.’ विचारणाऱ्याने ‘घेतला’ किंवा ‘दिला’ म्हणायचं, नाहीतर सोडून द्यायचं. एका वेळी एकच लॉट, म्हणजे सौद्याचा एक नग. सौदा तिथल्या तिथे लिहायचा. मागाहून लिहू म्हटलं की भांडण ठरलेलं.

तुमचं खरं काम पुढे आहे. कुणीतरी ६५ ला ‘घेतला’ म्हणतो. विकणाऱ्याला पुन्हा भाव विचारा. नवखा परत ६१-६५ च सांगतो, आणि तोच माणूस परत घेतो. खेळ थांबवा. विचारा: ‘हा ६५ ला आनंदाने का घेतोय? त्याच्याकडे काय असेल?’ मोठा पत्ता असण्याची शक्यता जास्त. मग भाव ६३-६७ वर न्यायला हवा. थोडी मुरलेली मंडळी असतील तर आणखी खोदा: त्याने आधी दोन लॉट विकले असतील तर? तो कदाचित नुसती पोझिशन कापतोय, म्हणजे आधी विकलेलं परत घेऊन हिशेब मिटवतोय, त्याच्या खरेदीतून पत्त्याबद्दल फारसं कळत नाही. म्हणून कुणी काय विकलंय हे डोक्यात ठेवावं लागतं. सगळा खेळ या प्रश्नासाठीच मांडायचा. बाकीची बेरीज-वजाबाकी कुणालाही जमते.

मग मधले पत्ते एकेक उघडा. दुरी निघाली तर अंदाज साधारण ५ नं खाली यायला हवा. ६६ ला घेतलेला माणूस मात्र आपला आकडा हलवत नाही. त्याला विचारा, ‘तुझ्याकडे आत्ता एकही लॉट नसता, तर या भावाला घेतला असतास?’

शेवटी गुण मोजा, पण कौतुक गुणांचं करू नका. हातात एक्का, तरी सुरुवातीलाच ७० ला घेतलं आणि बेरीज ७८ निघाली, हे नशीब. लिहिलेले अंदाज आणि सौदे शेजारी ठेवून बोला.

हे अंगवळणी पडलं की दुसरा खेळ: एका काल्पनिक शेअरचे सौदे, दहा फेऱ्या, दर फेरीनंतर एक फासा, पडेल तितका प्रत्येक शेअरला लाभांश. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून उरलेल्या लाभांशाच्या हिशेबाने शेअरची खरी किंमत सुरुवातीला ३५, मग दर फेरीला साडेतीनने कमी; सौद्याचा भाव मात्र खेळणारेच ठरवतात. हे सगळ्यांना सांगूनच खेळवा. १९८८ मध्ये व्हर्नन स्मिथ (२००२ चे नोबेल मानकरी) आणि सहकाऱ्यांनी अशाच धर्तीचे, १५ फेऱ्यांचे बाजार भरवले होते. हिशेब उघड असूनही भाव फुगले आणि शेवटाकडे कोसळले. अनुभवी गटांत मात्र हा फुगा ओसरत गेला. म्हणून हा खेळ त्याच गटाला पुन्हा द्या, आणि दोन्ही वेळच्या भावांचे आलेख एकाच कागदावर काढायला लावा.