एका मण्याचं वजन

सराफ बाजारातून, म्हणजे आपल्या नाशिकच्याच, आणलेले चांदीचे दोन मिलिमीटरचे मणी मी ओवते. नगावर भाव ठरवायचा तर एका मण्याचं वजन हवं. माझ्या काट्याची सर्वांत लहान पायरी ०.०१ ग्रॅम. तोच मणी कधी ०.०२ दाखवी, कधी ०.०४. एवढ्याशा जिनसेला एका पायरीचा फरक म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा!

पंखा बंद केला, काटा ओट्यावर ठेवला. आकडा थोडा ठरला, पण पुरेसा नाही.

मग रिकाम्या पारड्यात एकेक मणी टाकत गेले, तर आकडा ०.०० वरून हलेचना. हे कोडं सुटायला दोन दिवस गेले. बरेच इलेक्ट्रॉनिक काटे शून्याजवळचा बारीक, सावकाश बदल हा आपलाच सरकाव, म्हणजे वजन नसताना आकडा आपोआप हलणं, समजून पुसून टाकतात. म्हणून आधी १० ग्रॅमचं वजन ठेवलं, शून्याचं बटण दाबलं नाही, आणि मोजून १०० मणी एकदम ओतले. १०.०० चे १३.२७ झाले. म्हणजे मणी ०.०३२७ ग्रॅमचा, आणि पायरीची चूक शंभरांत वाटली गेली.

ही सरासरी आहे. मणी लहानमोठे असतील तर ते यात कळत नाही. काटाच जास्त दाखवत असेल, तर तेही भागाकाराने जात नाही. त्यासाठी दर महिन्याला प्रमाणित वजन ठेवून बघते. ते नसेल तेव्हा २०११ च्या मालिकेतलं न झिजलेलं पाच रुपयांचं नाणं घेते: ६ ग्रॅम.