चाकावरच्या ठिपक्याचा मार्ग : जिओजेब्रामध्ये प्राचलिक वक्र कसा काढावा

नागपूरच्या झिरो माइलपाशी एक सायकल उभी आहे आणि तिचा टायर रस्त्याला नेमका जिथे टेकला आहे, तिथे टायरवर खडूचा ठिपका लावला आहे, असे समजा. सायकल सरळ निघाली की हा ठिपका जी कमानदार वाट आखतो, तिला सायक्लॉइड म्हणतात. केवळ क्ष आणि य यांच्या समीकरणात ती मांडणे जिकिरीचे असते. पण चाक किती कोनातून फिरले हे सांगणारा टी हा प्राचल (पॅरामीटर, म्हणजे ज्यावर क्ष आणि य दोन्ही ठरतात ती राशी) घेतला, तर दोन छोटी सूत्रे पुरतात. क्ष = ०.३५ × (टी − साइन टी) आणि य = ०.३५ × (१ − कॉस टी). यातील ०.३५ मीटर ही चाकाची त्रिज्या.

जिओजेब्रा हे गणिती आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडावे. इनपुटच्या ओळीत 'कर्व्ह' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकून पुढे कंसात स्वल्पविराम देत क्षचे सूत्र, यचे सूत्र, प्राचलाचे नाव, त्याची सुरुवात आणि त्याचा शेवट या क्रमाने लिहावे. सुरुवात ० आणि शेवट ४ गुणिले पाय दिल्यास दोन फेऱ्यांच्या दोन कमानी दिसतात. येथे कोन रेडियनमध्ये मोजला जातो. अंशांच्या सवयीने शेवट ७२० दिला, तर शंभराहून अधिक कमानी उमटतात. दोन्ही अक्षांचे प्रमाण १ : १ ठेवावे, नाहीतर चाकाचे वर्तुळही लांबट दिसेल.

आता खरी गंमत. वेगळ्या अक्षराचा स्लायडर (किंमत बदलण्याची सरकपट्टी) करून टीच्या जागी ते अक्षर घातलेला बिंदू काढावा आणि स्लायडर हळूहळू सरकवावा. ठिपका माथ्यावर वेगाने धावतो आणि जमिनीला टेकताना क्षणभर थांबतो, हे नुसत्या आकृतीत कधीच कळत नाही. म्हणून ही पायरी कोणी गाळू नये.

पडताळ्यासाठी 'लेंग्थ' आज्ञेने ० ते २ गुणिले पाय एवढ्या भागाची लांबी काढावी. ती २.८ मीटर, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर आठपट येते. इंग्लिश वास्तुशिल्पी आणि गणिती क्रिस्टोफर रेन यांनी १६५८ मध्ये हेच सिद्ध केले होते. तेवढ्यात सायकल मात्र सुमारे २.२ मीटरच पुढे गेलेली असते.

शेवटी कंस सोडवून सूत्रे क्ष = ०.३५ × टी − ०.३५ × साइन टी आणि य = ०.३५ − ०.३५ × कॉस टी अशी लिहावीत आणि फक्त साइन आणि कॉस यांच्या आधीचा ०.३५ बदलून पाहावा, बाकीचे ०.३५ तसेच ठेवून. ०.३० घेतल्यास रिमजवळच्या बिंदूची, जमिनीला न टेकणारी गुळगुळीत लाट मिळते. ०.४० घेतल्यास तळाशी वेटोळी दिसतात : रुळाच्या माथ्याखाली उतरलेली रेल्वेच्या चाकाची कड गाडी पुढे जात असतानाही तळाशी क्षणभर मागे सरकते, ती अशी.