जांभ्याची पूड तपासणीला पाठवण्याआधी

जांबोटी-खानापूरकडचा जांभा प्रकल्पाला घेतला असेल, तर त्यातली खनिजं ओळखायला एक्स-रे तपासणी एकीकडे आणि इन्फ्रारेड, रामन (लेसरच्या उजेडानं होणारी तपासणी) दुसरीकडे, असंच बहुधा होणार. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्हीकडे बाहेरच्यांना फी भरून तपासणी करून मिळते. पण दोन ठिकाणचे निकाल शेजारी ठेवायचे तर पूड एकाच घाण्याची हवी. तयारीतलं निम्मं काम इथंच आहे.

दगड अगेटच्या (कठीण गारगोटीसारख्या दगडाच्या) खलात घोटा. चिमटीत खरखर लागली तर अजून घोटायला हवं. लोखंडी खलबत्ता नको. लोहच शोधायचं आणि आपणच ते घालायचं, हे कसलं संशोधन? पुडीचा ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन उचला, पुन्हा तसंच. वरवरची चमचाभर पूड बाटलीत भरू नका. एक वाटा धारवाडला, एक कोल्हापूरला, एक आपल्या कपाटात. तिसरा कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

वाळवायला ६० अंश पुरे, रात्रभर. साधारण २५० अंशांपुढं गोथाइट या लोहखनिजातलं पाणी निघून त्याचा हेमटाइट, म्हणजे दुसरंच लोहखनिज, होऊ लागतो. रामनच्या लेसरखालीही हेच घडतं, म्हणून कमी पॉवरनं सुरुवात करायला ऑपरेटरना आधीच सांगा.

एक्स-रेच्या फॉर्मवर ‘लोह भरपूर’ असं ठळक लिहा. यंत्रातल्या तांब्याच्या नळीचे किरण ८.०५ केईव्हीचे (हे ऊर्जेचं माप), लोहाची के-कड, म्हणजे लोहाला स्वतःचे एक्स-रे सोडायला लावणारी किमान ऊर्जा, ७.११ची. त्यामुळे लोह स्वतःच एक्स-रे सोडू लागतं, पार्श्वभूमी वर चढते आणि बारीक शिखरं तिच्यात बुडतात. मोनोक्रोमेटर (नको ते किरण गाळणारा भाग) किंवा कोबाल्टची नळी आहे का, फोनवरच विचारून घ्या. तांब्याच्या नळीवर केओलिनाइट या माती-खनिजाचं शिखर १२.४ अंशांच्या कोनाजवळ (२θ) येतं. इन्फ्रारेडमध्ये ३६२० आणि ३६९५ला (सेमी⁻¹) त्याचेच पट्टे दिसले, की दोन्हीकडून एकच साक्ष मिळाली.

इन्फ्रारेडसाठी पूड ज्यात मिसळून चकती (पेलेट) दाबतात, ते पोटॅशियम ब्रोमाइड ओल ओढतं. आपल्याकडच्या पावसात त्याची पेलेट म्हणजे ३४०० जवळ पाण्याचा रुंद पट्टा ठरलेलाच. शक्यतो दिवाळीनंतरचा स्लॉट मागा.

इंदूरच्या इंडस-२चा (प्रखर एक्स-रे देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्राचा) विचार लोहाची संयुजा, म्हणजे लोह Fe²⁺ की Fe³⁺ हे, अडलं तरच. तिथं रीतसर प्रस्ताव लागतो.

गाईडच्या सहीचं पत्र, कॉलेजचा शिक्का, पेन ड्राईव्ह. आलेखाच्या चित्रावर समाधान मानू नका, आकड्यांची मूळ फाईल मागा. आणि नंबर बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.