जवळच्या दीर्घिकांतली धूळ कोण तापवते? नकाशांवरून ओळखायची पद्धत

दूर-अवरक्त नकाशात एखाद्या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा झळाळताना दिसल्या, की निष्कर्ष लगेच तयार असतो: तिथे तारे जन्माला येत आहेत आणि तेच धूळ तापवत आहेत. हा निष्कर्ष घाईचा आहे. भुजांमध्ये वायू जास्त असतो, म्हणून धूळही जास्त असते, आणि धूळ जास्त असली की ती कोणीही तापवली तरी तो भाग उजळ दिसणारच. तेव्हा पाहायचा तो धुळीचा रंग. तिचे तेज इथे उपयोगाचे नाही. रंग म्हणजे एकाच जागेच्या दोन तरंगलांबींवरच्या पृष्ठतेजांचे गुणोत्तर. भागाकारात धुळीचे वस्तुमान निघून जाते आणि हाती उरते ते मुख्यतः तापमान.

एवढा खटाटोप कशासाठी? अवरक्त तेजावरून तारानिर्मितीचा दर काढण्याची रीत सर्रास वापरली जाते, आणि धूळ नवजात ताऱ्यांनीच तापवली आहे असे ती गृहीत धरते. प्रत्यक्षात दोन दीर्घिका दोन टोकांना असू शकतात. किरणवहनाच्या, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून कसा जातो याच्या, सविस्तर प्रतिमानांनुसार एम ५१ या सर्पिल दीर्घिकेत धुळीच्या तापण्यात तरुण ताऱ्यांचा वाटा सुमारे ६३ टक्के निघतो, तर देवयानी दीर्घिकेत, म्हणजे एम ३१ मध्ये, सुमारे ९१ टक्के काम म्हाताऱ्या ताऱ्यांकडे जाते. दोघींना एकच सूत्र लावले तर देवयानीचा दर भलताच फुगेल.

आधी थोडे गणित

मोठे धूलिकण आसपासच्या प्रकाशाशी समतोल साधून असतात. त्यांचा उत्सर्जन-घातांक, म्हणजे बीटा (तरंगलांबीनुसार कणांची उत्सर्जनक्षमता किती झपाट्याने बदलते ते सांगणारा आकडा), २ धरला तर एकक वस्तुमानाच्या धुळीचे उत्सर्जन तापमानाच्या सहाव्या घातात वाढते. याची उलट बाजू अशी, की प्रकाशक्षेत्र दुप्पट झाले तरी तापमान फक्त १२ टक्क्यांनी चढते. तापमान दुप्पट व्हायला प्रकाश ६४ पट लागतो. म्हणून सर्वसाधारण दीर्घिकेतली बहुतेक धूळ १५ ते ३० केल्विन या अरुंद पट्ट्यात सापडते आणि मोजमापातली छोटी चूकही महागात पडते.

बीटा २ ठेवून १५, २० आणि २५ केल्विनला १६० आणि २५० मायक्रॉनचे गुणोत्तर अनुक्रमे १.०६, १.७६ आणि २.३६ येते. २५० आणि ३५० मायक्रॉनचे येते १.७२, २.१८ आणि २.५०. म्हणजे त्याच दहा अंशांत पहिले गुणोत्तर सव्वादोन पट बदलते, दुसरे जेमतेम दीडपट. हे आकडे जवळ लिहून ठेवा. नकाशात २५०/३५० कुठे ४ दिसले तर तिथे गरम धूळ शोधत बसू नका. आधी पार्श्वभूमी तपासा.

दीर्घिका आणि नकाशे निवडताना

हर्शेल ही अवरक्त अवकाश दुर्बीण २००९ ते २०१३ या काळात चालली. तिच्या पॅक्स उपकरणाचे ७०, १०० आणि १६० मायक्रॉनचे आणि स्पायरचे २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनचे नकाशे खुल्या संग्रहात आहेत. स्पायरचा बीम, म्हणजे एखादा बिंदू नकाशात जेवढा पसरून दिसतो तो ठसा, २५० ला साधारण १८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ३५० ला २५ आणि ५०० ला ३६ विकला आहे. ३५० पर्यंतच काम करायचे ठरवले तर २५ विकलांचे विभेदन मिळते. एम ८१ साधारण ३६ लाख पार्सेकवर आहे. तिथे २५ विकला म्हणजे सुमारे ४४० पार्सेक. एक कोटी पार्सेकवर तेच १२०० पार्सेक होतात आणि भुजा व भुजांमधली जागा एकमेकांत मिसळायला लागते. तेव्हा दीर्घिका जवळची, आकाशात निदान दहा कला पसरलेली आणि शक्यतो समोरून दिसणारी घ्या. कल ६० अंशांपुढे गेला की एकाच दृष्टिरेषेत गरम-थंड धुळीचे अनेक थर येतात. एम ८१, एम ८३ आणि एनजीसी २४०३ या सरावासाठी चांगल्या आहेत.

तापवणाऱ्यांचे दोन नकाशे लागतात. तरुण ताऱ्यांसाठी हायड्रोजन-अल्फा (तरुण ताऱ्यांभोवतीच्या तापलेल्या हायड्रोजनची लाल वर्णरेषा), म्हाताऱ्यांसाठी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीचा ३.६ मायक्रॉन किंवा जमिनीवरून घेतलेला १.६ मायक्रॉन. ३.६ मध्ये नॉइज कमी असतो. पण तारानिर्मितीच्या जागी ३.३ मायक्रॉनची कार्बनी रेणूंची रेषा आणि गरम धूळ त्यात भर घालते. १.६ यापासून बऱ्यापैकी मुक्त असतो, मात्र बाहेरच्या भागात आकाशाचा उजेड त्रास देतो. दोन्हींनी करून पाहावे. उत्तर बदलले तर कारण बहुधा यातच असते.

हायड्रोजन-अल्फामधून अखंड वर्णपटाचा भाग आणि शेजारच्या नायट्रोजन रेषांचा वाटा वजा करा. मग धुळीने गिळलेला प्रकाश परत मिळवायचा. त्यासाठी दिसणाऱ्या तेजस्वितेत २४ मायक्रॉनच्या तेजस्वितेचा ०.०२० पट भाग मिळवतात. तारानिर्मितीचे सुटे ढग मोजत असाल तर ०.०३१ पट. इथे २४ मायक्रॉन हेही धुळीचेच उत्सर्जन आहे, त्यामुळे थोडे वर्तुळात फिरल्यासारखे होते हे लक्षात असू द्या. दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय अशी दोन्ही उत्तरे काढून ठेवलेली बरी.

नकाशे एका पातळीवर आणणे

बहुतेक चुका इथेच होतात, त्यामुळे क्रम पाळा.

१. एकक बदला. स्पायरचे नकाशे जान्स्की (येणाऱ्या प्रारणाचे एकक) प्रति बीममध्ये मिळतात. बीमचे क्षेत्रफळ २५०, ३५० आणि ५०० ला साधारण ४७०, ८३० आणि १८०० चौरस विकला आहे. २५० ला १ जान्स्की प्रति बीम म्हणजे सुमारे ९० मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन (आकाशातल्या क्षेत्रफळाचे, म्हणजे घनकोनाचे एकक). पॅक्सचे नकाशे जान्स्की प्रति पिक्सेल असतात, त्यांना पिक्सेलच्या क्षेत्रफळाने भागा. हे सगळे नकाशा धूसर करण्याआधी करायचे. धूसर केल्यावर नव्या, मोठ्या बीमने भागण्याची चूक फार जण करतात आणि गुणोत्तर सगळीकडे एकाच पटीत बिघडते. आकृती सुबक दिसते, म्हणून चूक पकडलीही जात नाही.

२. पुढचे तारे आणि मागच्या दीर्घिका काढा. ३.६, १.६ आणि हायड्रोजन-अल्फाच्या नकाशांत आपल्याच आकाशगंगेतले तारे ठिपक्यांसारखे दिसतात. ते आता झाकले नाहीत तर पुढच्या पायरीत पसरून शेजारचे पिक्सेलही खराब करतात.

३. पार्श्वभूमी वजा करा. स्पायरच्या नकाशाला स्वतःचा खरा शून्य नसतो, त्यामुळे दीर्घिकेच्या प्रकाशापलीकडे कडे आखून तिथली पातळी काढावीच लागते. परिणाम किती होतो ते पाहा. बाहेरच्या एका पिक्सेलमध्ये २५० ला २.० आणि ३५० ला १.० मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन आहे, गुणोत्तर २.०, तापमान साधारण १८ केल्विन. ३५० ची पार्श्वभूमी फक्त ०.२ ने कमी वजा झाली, की गुणोत्तर १.६७ वर येते आणि धूळ साडेचौदा केल्विनची 'थंड' होते. मध्यभागी जिथे तेज शेकड्यात आहे तिथे या ०.२ चा मागमूसही लागत नाही. बाहेर जाताना धूळ एकदम गार पडते अशी आकृती दिसली, तर पहिला संशय इथे घ्या. आपल्या आकाशगंगेतली विरळ धूळही अशाच पुसट पट्ट्यांनी फसवते; एम ८१ च्या दिशेला ती चांगलीच आहे.

४. सगळे नकाशे ३५० च्या बीमवर आणा. गाऊसी आकाराने धूसर करणे सोपे, पण हर्शेलच्या बीमला मधल्या शिखराबाहेर पसरलेले अंधूक पंख असतात. दुर्बीण-जोड्यांसाठी तयार केलेले अनियानो आणि सहकाऱ्यांचे कर्नल, म्हणजे एका बीमचा नकाशा दुसऱ्या बीमसारखा धूसर करणारे साचे, वापरा. कर्नलचा पिक्सेल नकाशाच्या पिक्सेलएवढा करून घ्या आणि त्याची बेरीज १ आहे ना ते पाहा. धूसर करण्याआधी आणि नंतर दीर्घिकेचे एकूण तेज मोजा. टक्काभराहून जास्त फरक आला तर काहीतरी चुकले आहे.

५. पिक्सेल मोठे करा. ६ विकलांच्या पिक्सेलचे नकाशे २५ विकलांच्या बीमवर असतील तर शेजारचे पिक्सेल एकच माहिती पुन्हापुन्हा सांगतात. ४ गुणिले ४ चे गट करून २४ विकलांचे चौकोन बनवा. बिंदू सोळापटीने कमी होतील. पण जे उरतील ते जवळपास स्वतंत्र असतील. मग सर्व तरंगलांबींवर नॉइजच्या निदान तिप्पट तेज असलेलेच चौकोन ठेवा.

केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल, जसे एम ८१ आणि एम ५१ मध्ये आहे, तर मधले दोन-तीन चौकोन बाजूला ठेवा. तिथला प्रकाश आपल्या दोन्ही नकाशांच्या हिशेबात बसत नाही.

निर्णय कसा करायचा

आता १६०/२५० आणि २५०/३५० या दोन्ही गुणोत्तरांचे लॉगरिदम एका अक्षावर घ्या. दुसऱ्या अक्षावर आधी हायड्रोजन-अल्फा, मग ३.६. चार आकृत्या होतील. बिंदू ज्याच्याशी जास्त घट्ट बांधलेले, तो तापवणारा, हा पहिला अंदाज. त्याआधी गुणोत्तराचा नकाशा नुसत्या डोळ्यांनी पाहा. एम ८१ मध्ये २५०/३५० केंद्रापासून बाहेर हळूहळू उतरत जाते आणि भुजा त्यात जेमतेम दिसतात. म्हणजे थंड धूळ फुगवट्यातल्या आणि तबकडीतल्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या उजेडात तापते. भुजांवरचे गोळे गुणोत्तरातही उठून दिसले असते तर कौल तरुण ताऱ्यांकडे गेला असता.

सहसंबंधाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. दीर्घिकेत जवळजवळ सगळेच बाहेर जाताना कमी होते: जुने तारे, नवे तारे, वायू आणि तापमानही. नुसत्या त्या उतारामुळे दोन्ही सहसंबंध ०.८ च्या वर जाऊ शकतात. म्हणून एकाच त्रिज्येच्या कड्यातले चौकोन वेगळे काढा आणि भुजेवरचे व भुजेबाहेरचे बिंदू ताडून पाहा. त्रिज्या तीच, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेडही साधारण तोच. तरीही भुजेवर गुणोत्तर चढत असेल तर ते काम तरुण ताऱ्यांचे. मला विचाराल तर ही एक तपासणी चारही आकृत्यांपेक्षा जास्त सांगते.

वाटा आकड्यात हवा असेल तर दोन्ही नकाशांची भारित बेरीज घ्या: हायड्रोजन-अल्फाचे तेज अधिक क गुणिले ३.६ चे तेज. या बेरजेचा लॉगरिदम आणि गुणोत्तराचा लॉगरिदम यांत सरळ रेषा बसवा. उतार, छेद आणि क हे तीन अज्ञात एकत्रच शोधायचे. मग प्रत्येक चौकोनात तरुण ताऱ्यांचा वाटा म्हणजे हायड्रोजन-अल्फा भागिले ती पूर्ण बेरीज. क चे मूल्य सरळ न शोधता त्याचा लॉगरिदम शोधा, कारण त्याची अनिश्चितता एका बाजूला लांब पसरते. क शून्याकडे घसरत राहिला तर म्हातारे तारे नगण्य. वाढतच गेला तर तरुण नगण्य. अशा वेळी नेमका टक्का न देता फक्त मर्यादा द्यावी.

दोन गुणोत्तरांतून दोन वेगळी उत्तरे आली तर घाबरू नका. १६०/२५० मध्ये तरुण ताऱ्यांचा वाटा सहसा जास्त निघतो, २५०/३५० मध्ये कमी. एकाच चौकोनात ढगांजवळची कोमट धूळ आणि तबकडीभर पसरलेली थंड धूळ दोन्ही असतात. लहान तरंगलांबीवर पहिलीचा आवाज मोठा, मोठ्या तरंगलांबीवर दुसरीचा. म्हणून टक्का सांगताना तो कोणत्या गुणोत्तराचा आहे हे सोबत लिहिलेच पाहिजे.

तापमान बसवताना

गुणोत्तराऐवजी थेट तापमान हवे असेल तर १०० ते ५०० मायक्रॉनच्या बिंदूंना सुधारित कृष्णपदार्थाचा वक्र, म्हणजे तापमान आणि बीटा यांवरून ठरणारा उत्सर्जनाचा वक्र, बसवा. ७० मायक्रॉन त्यात घालू नका. तिथे अगदी बारीक कणांचा हात असतो. एकेक अतिनील फोटॉन त्यांना क्षणभर तापवतो आणि ते लगेच निवतात, त्यामुळे त्यांना एक ठरावीक तापमान असे नसतेच. तो बिंदू घेतला की वक्र गरम बाजूला ओढला जातो आणि वस्तुमान कमी निघते.

बीटा आणि तापमान दोन्ही मोकळे सोडले तर एक वाढला की दुसरे घटते असा सुरेख उलटा संबंध उमटतो. त्यातला बराचसा नुसत्या नॉइजचा खेळ असतो. बीटा २ वर खिळवा, मग १.५ ने पुन्हा करा. तापमाने काही केल्विनने सरकतील. कोणता भाग कोणत्या भागापेक्षा गरम हा क्रम टिकला पाहिजे. टिकला नाही तर तो निष्कर्ष सोडून द्या.

आणि चौकोन फार लहानही नको. एम ३१ मध्ये २५ विकला म्हणजे ९५ पार्सेकच. प्रकाश त्याहून बराच दूर जाऊन धुळीत अडकतो, म्हणजे एका चौकोनातली धूळ शेजारच्या चौकोनांतले तारे तापवतात. ताऱ्यांचा गिळलेला प्रकाश आणि धुळीचे उत्सर्जन जागच्या जागी जुळवणाऱ्या प्रतिमानांची तिथे गफलत होते. अशा वेळी चौकोन निदान काही शे पार्सेकचे करा, किंवा स्कर्टसारख्या त्रिमितीय किरणवहन आज्ञावलीकडे वळा. ती प्रत्येक फोटॉन-गठ्ठा कोणत्या वयाच्या ताऱ्यांकडून निघाला याची नोंद ठेवते. एम ५१ आणि एम ३१ चे वर दिलेले आकडे याच पद्धतीने निघाले आहेत.