टपाली मत बाद का होतं? मतदान केंद्राबाहेर आणि मोजणीच्या टेबलावर या चुका टाळा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी टीव्हीवर जे पहिले कल झळकतात, ते यंत्रांचे नसतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ प्रमाणे आधी टपाली मतं, म्हणजे ड्युटीवरचे कर्मचारी, सैनिक आणि घरून मत देणारे ज्येष्ठ यांची पाकिटातून आलेली मतं, हातात घ्यायची; निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे ही मोजणी आठ वाजता आणि यंत्रांची त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करायची. घरी चहा पीत बसलेल्यांना त्या पहिल्या आकड्याचं फारसं काही वाटत नाही. "टपाली आहे हो, खरं चित्र नंतर येईल," असं कुणीतरी म्हणतंच.

मुंबई वायव्यच्या लोकांना हे वाक्य आता सांगून बघा. २०२४ च्या लोकसभेला तिथे यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. त्यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांना ४,५१,०९४. टपालीत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मतं पडली. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. आणि त्याच मतदारसंघात १११ टपाली मतं बाद ठरली होती.

शिक्षकाची नोकरी म्हणजे निवडणुकीची ड्युटी आलीच. त्यात टपाली टेबलाचाही अनुभव गाठीशी आला. तिथे बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. मत बाद होतं ते बहुतेक वेळा मतपत्रिकेवरच्या खुणेमुळे नाही, तर पाकिटामुळे. मतदाराने कुणाला मत दिलं हे बघायची वेळच येत नाही. आणि आपलं मत बाद झालं हे त्या माणसाला जन्मात कुणी कळवत नाही.

पाकिटातलं पाकीट

टपाली मतदाराच्या हातात चार वस्तू येतात. मतपत्रिका, १३-ए हे घोषणापत्र, १३-बी हे लहान पाकीट आणि १३-सी हे मोठं पाकीट. मतपत्रिका एकटी लहान पाकिटात जाते. ते पाकीट चिकटवायचं. मग ते लहान पाकीट आणि सुटं घोषणापत्र, दोन्ही मोठ्या पाकिटात.

टेबलावर हे सगळं बाहेरून आत उघडतं, आणि इथेच गाडी अडते. आधी मोठं पाकीट फोडायचं आणि त्यातलं घोषणापत्र बघायचं. ते सापडलंच नाही, तर लहान पाकीट न उघडता नामंजूर. घोषणापत्रावर मतदाराची सही नाही किंवा साक्षांकन, म्हणजे ती सही त्याचीच असल्याची अधिकाऱ्याची सही, नाही, तरी तेच. घोषणापत्रात लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळत नसेल, तरीही तेच.

सगळ्यात वाईट वाटतं ते मतपत्रिका आणि घोषणापत्र दोन्ही लहान पाकिटात घालून नीट चिकटवणाऱ्या माणसाचं. त्याने सगळं मनापासून केलेलं असतं. सही केलेली, साहेबांची सही घेतलेली, क्रमांक लिहिलेला. पण मोठ्या पाकिटात घोषणापत्र दिसत नाही, आणि लहान पाकीट उघडायला नियम परवानगी देत नाही. म्हणून चिकटवण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: १३-ए माझ्या हातात अजून सुटं आहे ना?

साक्षांकनाची गडबड दुसऱ्या क्रमांकाची. निवडणूक कर्मचाऱ्यासाठी राजपत्रित अधिकारी किंवा तो ज्या केंद्रावर नेमलेला आहे तिथला केंद्राध्यक्ष साक्षांकन करू शकतो. सैन्यातल्या मतदारासाठी त्याच्या तुकडीचा अधिकारी. शेजारच्या खोलीतला सहकारी शिक्षक चालत नाही, मग तो कितीही जुना मित्र असो. शिक्क्यावरून मात्र वाद होतात. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात सुविधा केंद्रांवरच्या (कर्मचाऱ्यांनी टपाली मत द्यायची जागा) घोषणापत्रांवर अधिकाऱ्याची सही आहे पण नाव, पद, शिक्का नाही, अशी मतं धरायची की नाही यावरून मोठा गदारोळ झाला. ती धरावीत असा निर्णय झाला. त्याविरुद्ध एक पक्ष उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला, पण मोजणीच्या तोंडावर कुठेच दिलासा मिळाला नाही. न्यायालयावर भिस्त ठेवण्यापेक्षा साहेब समोर असतानाच सही, नाव, पद, शिक्का असे चार खण डोळ्यांखालून घातलेले बरे.

मतपत्रिकेवरच्या खुणेबद्दल मात्र लोक विनाकारण घाबरतात. बरोबरची खूण करू की फुली मारू, असं विचारणारे बरेच असतात. टपाली मतपत्रिकेसाठी ठराविक खूण ठरवलेलीच नाही. उमेदवाराच्या रकान्यात केलेल्या खुणेवरून कुणाला मत द्यायचं आहे हे स्पष्ट कळलं, की पुरे. मत मरतं ते वेगळ्या कारणांनी: दोन उमेदवारांपुढे खूण, दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर अशी खूण की कळूच नये, खूणच नाही, किंवा मतपत्रिकेवर केलेली सही. सही करायची आपल्याला सवय असते ना! प्रत्येक सरकारी कागदावर खाली सही. पण मतपत्रिकेवर ओळख पटेल असं काहीही आलं की ती बाद. सही घोषणापत्रावर, मतपत्रिकेवर नाही.

ड्युटीवरच्यांसाठी

पूर्वी मतपत्रिका घरी न्यायची, सवडीने भरायची असा रिवाज होता. मग ती कॅलेंडरमागे खोचलेली राहायची आणि मतमोजणीच्या आदल्या दिवशी आठवायची. २०२३ पासून हे बंद झालं. आता निवडणूक कर्मचाऱ्याने सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची आणि तिथेच मत टाकून यायचं. त्यामुळे "नंतर टाकतो" म्हणून प्रशिक्षणाच्या दिवशी केंद्राकडे पाठ फिरवणारा आपल्याच हाताने मत घालवतो.

त्याआधीची पायरी म्हणजे नमुना १२, टपाली मतपत्रिकेसाठीचा अर्ज. पहिल्या प्रशिक्षणातच तो हातात पडतो आणि अर्धे लोक यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अंदाजाने भरतात. नाव गावच्या यादीत आहे की बदलीच्या ठिकाणच्या, हेच पक्कं माहीत नसतं. प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी मोबाइलवर व्होटर हेल्पलाइन ॲप उघडून दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

लोकसभेला अनेकांची ड्युटी स्वतःच्याच लोकसभा मतदारसंघात असते. त्यांनी नमुना १२ नाही, १२-ए भरायचा. त्यावर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ईडीसी, मिळतं आणि ड्युटीच्या केंद्रावर यंत्रावरच मत देता येतं. विधानसभेला कर्मचाऱ्यांना सहसा दुसऱ्या मतदारसंघात पाठवतात, म्हणून तिथे टपाली. दोन्ही वेळा एकच अर्ज भरणारे असतातच.

आजीचं मत घरी

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. ही वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. त्यासाठी १२-डी अर्ज. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) तो घरी आणून देतात, पण तो अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत परत जायला हवा. टीव्हीवर तारखा जाहीर होतात तो दिवस वेगळा आणि अधिसूचनेचा दिवस वेगळा. घोळ इथेच होतो.

खरी पंचाईत पुढे. अर्ज गावच्या पत्त्यावर भरला, आणि मधल्या काळात आजी धाकट्या मुलाकडे पुण्याला. मतदान पथक दारात येतं, आजी नाहीत. पथक दुसऱ्यांदा येतं आणि मग येत नाही. मतदानाच्या दिवशी रिक्षा करून केंद्रावर नेलं तरी उपयोग शून्य, कारण यादीत त्यांच्या नावापुढे टपालीची नोंद झालेली असते. एकदा घरून मत देण्याचा पर्याय घेतला की केंद्रावरचा दरवाजा बंद. आजी महिनाभर कुठे राहणार हे ठरवूनच १२-डी वर अंगठा घ्या.

आणखी एक नाजूक गोष्ट. पथक आलं की सुनेने किंवा नातवाने "त्यांना काही कळत नाही, मीच करते" म्हणत पेन हातात घ्यायचं नाही. मतदार दृष्टिहीन किंवा फार अशक्त असेल तर अठरा वर्षांवरील सोबती मदत करू शकतो, पण मत आजींचंच. कॅमेरा सुरू असतो, हेही लक्षात असू द्या.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी थोडक्यात: दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून टपाली मत देण्याची सोय सामान्य अनिवासी भारतीयाला नाही. आयोगाने २०२० मध्ये तसा प्रस्ताव पाठवला होता, पण नियम बदललेला नाही. ६-ए हा अर्ज भरून नाव नोंदवायचं आणि पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यायचं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतपत्रिका जाते ती सैनिकांसारख्या सेवा मतदारांना, आणि तीसुद्धा फक्त जाताना. छापून, खूण करून, पाकीट टपालानेच परत येतं. मतमोजणीच्या दिवशी आठ वाजल्यानंतर आलेलं पाकीट कुणाचंही असो, उघडलं जात नाही.

मोजणी प्रतिनिधींनी करायच्या नाहीत अशा गोष्टी

पक्षाचे तगडे कार्यकर्ते यंत्रांच्या टेबलांवर आणि नवखा पोरगा टपालीवर, ही वाटणी मी अनेकदा बघितली आहे. उलट हवी. यंत्राचा आकडा यंत्र सांगतं, तिथे वाद घालायला जागा कमी. टपालीत एकेक पाकीट हा निर्णय असतो.

गुजरातमधल्या ढोलक्याचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. २०१७ मध्ये तिथे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले, आणि मोजणीत ४२९ टपाली मतं नामंजूर झालेली होती. मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली, काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विजयाचं अंतर नामंजूर टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी ती सगळी नामंजूर मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा तपासलीच पाहिजेत, अशी आयोगाची सूचना आहे. मुंबई वायव्यला ४८ आणि १११ हे आकडे आठवा. प्रतिनिधीला ही सूचना तोंडपाठ हवी.

फेरमोजणी मागायची तर ती लेखी, कारणांसह, आणि बेरीज जाहीर झाल्यावर पण निकालपत्रावर सही होण्यापूर्वी. घोषणाबाजीत हा थोडा वेळ निघून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक बदल केला. टपाली मोजणी जिथे होते, त्या केंद्रावर ती पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. "टपाली नंतर बघू" हे आता चालणार नाही.

"माझं मत आधीच कुणी टाकलं!"

केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर कुणी मत टाकून गेलंय असं कळलं, तर आरडाओरडा करून घरी जाणं ही सगळ्यात मोठी चूक. नियम ४९-पी प्रमाणे तुमची ओळख केंद्राध्यक्षाला पटली, की तुम्हाला टेंडर व्होट देता येतं. शासकीय मराठीत प्रदत्त मत. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर बाणफुलीच्या शिक्क्याने. १७-बी मध्ये, म्हणजे टेंडर व्होट देणाऱ्यांच्या यादीत, सही करायची आणि मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते.

यावर व्हॉट्सॲपवर दर निवडणुकीला दोन थापा फिरतात. पहिली, यादीत नाव नसलं तर "कलम ४९-ए" सांगा आणि "चॅलेंज व्होट" मागा. ४९-ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज व्होट किंवा आक्षेपित मत म्हणजे एखाद्या मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून घेतलेला आक्षेप. यादीत नाव नसेल तर भारतात मत नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर असा मतदार तात्पुरती मतपत्रिका भरतो, तो पात्र आहे का हे नंतर तपासून ती मोजली जाते. कदाचित तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकून हा गोंधळ वाढला असावा. दुसरी थाप, टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेलं की फेरमतदान. असा नियमच नाही.

टेंडर व्होट मोजणीत धरलं जात नाही, त्याचं पाकीट त्या दिवशी उघडतही नाहीत. ते उघडतं न्यायालयाच्या आदेशाने. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा टेंडर व्होटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबई वायव्यच्या निकालाविरुद्धच्या कीर्तिकरांच्या याचिकेतही ३३३ मतं तोतयांनी टाकल्याचा मुद्दा होता; ती मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. न्यायालयात कुणी गेलं, तर पुराव्याला उभी राहते ती १७-बी मधली तुमची सही. म्हणून केंद्राध्यक्षाने "साहेब, आता काय करणार, झालं ते झालं" म्हटलं, तरी तिथेच उभं राहून १७-बी मागा.