बैल औताचा आणि गेम पटाचा: पात्र घडवताना या चुका टाळा

बैलबाजारात माणूस अंग, खूर, चाल बघतो आणि ठरवतो, हा औताचा की पटाचा, म्हणजे शर्यतीचा. मोबाइलवर गेम उघडणारा माणूसही पात्राकडे तसाच बघतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याने मनाशी ठरवलेलं असतं की हा पळणार, हा ओढणार, हा मारणार. पुढे तसं घडलं नाही तर तो कारण शोधत बसत नाही, गेम काढून टाकतो.

शंकरपटावर गेम करायचा म्हणून तालुक्याच्या गावी दोन-तीन पोरं एकत्र बसतात आणि पहिला पंधरवडा बैल रंगवण्यात घालवतात. भलंमोठं वशिंड, जाड मान, कमानीसारखी लांब शिंगं, गळ्यात घुंगरमाळ. चित्र देखणं होतं. मग गेम चालू केला की हा डोंगराएवढा बैल बोट लागताच उंदरासारखा सुटतो. अंग सांगतं ओढीन, बोट सांगतं पळालो. ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त खटकते, कारण नंतर ती दुरुस्त करायची म्हणजे सगळी चित्रं फेकून द्यावी लागतात.

रंगाला हात लावण्याआधी कागदावर एकच क्रियापद लिहा: पळणं, ओढणं किंवा चुकवणं. अंग त्यातून काढा. १९८१च्या ‘डाँकी काँग’ या गेममधला मारिओ असाच घडला. इतक्या थोड्या पिक्सेलांत केस नीट दिसेनात म्हणून टोपी आली, तोंड काढायला जागा नव्हती म्हणून नाकाखाली मिशी आली, आणि पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डांगरी. तेव्हा त्याचं नावच जंपमॅन होतं, आणि उडी हेच त्याचं काम. पुढे तोच चेहरा निन्टेंडो या गेम कंपनीची ओळख झाला.

पटाचा गेम असेल तर वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ डोळ्यांसमोर ठेवा: पांढरं हलकं अंग, लांबट निमुळतं तोंड, आखूड बोथट शिंगं. इंटरनेटवरून उचललेला लांब टोकदार शिंगांचा बैल बहुतेक वेळा खिल्लार निघतो, म्हणजे सांगली-सोलापूरकडचा. विदर्भातल्या तळेगाव दशासरचा पट पाहिलेला माणूस आयकॉनवरची शिंगं बघूनच म्हणेल, हे इकडलं नाही.

अंगाचं वजन आकड्यांतही उतरलं पाहिजे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, धरली तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. हलक्या बैलाला पूर्ण वेग १० ते १५ फ्रेमांत द्या, औताच्या जड बैलाला ४० ते ६०. पण बोट लागल्यावर पहिली हालचाल दोघांचीही तीन-चार फ्रेमांच्या आत दिसायला हवी. जड बैलाने तेवढ्यात निदान मान खाली घालून खूर रोवावेत. नाहीतर खेळणाऱ्याला वाटतं, मोबाइलच अडकला.

दुसरी मोठी चूक म्हणजे गोंडस पात्र आणि रक्तबंबाळ खेळ. ताडोब्याचा वाघ घेतात आणि त्याला गोल डोळे, गुबगुबीत पंजे, छोटे कान देतात. हा वाघ एका फटक्यात जीव घेतो तेव्हा खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. गोल आकार जवळ बोलावतो, टोकदार आकार दूर ठेवतो. शिवाय आपल्याकडे शेंदूर फासलेल्या वाघदेवाला माणसं हात जोडतात आणि त्याच जंगलात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतातही. इथल्या माणसाला तो खेळणं वाटत नाही.

ही चूक मोठ्या कंपन्यांना किती महाग पडते, ते रेअर या गेम कंपनीच्या कॉन्कर या खारीवरून बघा. १९९७ साली हा लहान मुलांचा गेम म्हणून दाखवला गेला. १९९८ मध्ये नाव बदललं, तरी बघणारे म्हणाले की हा त्याच कंपनीच्या ‘बँजो-काझूई’सारखाच वाटतो. मग कंपनीने खार तशीच गोड ठेवून आतला खेळ दारू, शिव्या आणि रक्ताचा केला. मधे १९९९ साली याच खारीचा मुलांसाठीचा छोटा गेम बाजारात येऊनही गेला होता. मार्च २००१ मध्ये मोठा गेम आला तो १७ आणि त्यावरच्या वयासाठी असा शिक्का घेऊन. समीक्षकांनी वाखाणला, विक्री मात्र बेताची झाली. निन्टेंडो ६४ हे यंत्रही तेव्हा उतरणीला लागलं होतं, त्यामुळे सगळा दोष खारीच्या माथी मारणं बरोबर नाही. पण खारीचं गोड रूप मुलांना बोलावत होतं आणि शिक्का त्यांना परत पाठवत होता, हे खरंच.

हातात दिलेली वस्तू म्हणजे बटण. धुरकऱ्याच्या, म्हणजे बैल हाकणाऱ्याच्या, हातात तुतारी, म्हणजे टोचणी, दिली की खेळणारा बैलाला टोचायचं बटण शोधणारच. पटात बैलाला टोचायला, मारायला बंदी आहे, तेव्हा गेममध्येही तुतारी नको. कासरा द्या आणि खेळ कासऱ्यावर बांधा.

सावली, म्हणजे पात्राची नुसती काळी आकृती, तपासायचा आळस करू नका. नागपूरच्या मारबत या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत काळी कोणती, पिवळी कोणती, हे गर्दीच्या शेवटच्या टोकालाही कळतं. पात्र तसं हवं. ‘टीम फोर्ट्रेस २’ या २००७च्या गेममधली नऊही पात्रं पूर्ण काळी केली तरी ओळखू येतात. क्रिता हे चित्रं काढायचं ॲप फुकट मिळतं. त्यात पात्र काळ्या रंगाने भरा, उंची ६४ पिक्सेलवर आणा आणि मोबाइल हातभर लांब धरून दुपारच्या उन्हात, ओट्यावर बघा. पंख्याखाली बसून केलेली तपासणी आम्ही धरत नाही. गेमबद्दल काहीच न ऐकलेल्या माणसाला दाखवा आणि ‘हा काय करत असंल?’ एवढंच विचारा.

पांढरा बैल काळ्या मातीवर उठून दिसतो, पटाच्या धुळीत हरवतो. दोन पिक्सेलची गडद कड द्या. दोन जोड्या फक्त लाल-हिरव्या झुलीने वेगळ्या करू नका, कित्येकांना हे दोन रंग सारखेच दिसतात.

धडकेचा चौकोन, म्हणजे ज्याला काही लागलं की गेम धडक धरतो तो, शिंगांपर्यंत नेऊ नका, धडाच्या सत्तर टक्के पुरे.

एआयकडून अर्ध्या मिनिटात बैल काढून घेणाऱ्यांनी त्याच बैलाच्या धावेच्या आठ फ्रेम मागून बघाव्यात. फ्रेमागणिक शिंगं बदलू शकतात, कधी पाय पाच होतात. घाई असेल तर पात्र साधं ठेवा, पण हाताने काढा.

आयकॉन शेवटच्या रात्री करतात, हेही चुकतं. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा पूर्ण चौकोन द्या, कोपरे ते स्वतः गोल करतात. त्यात गेमचं नाव कोंबू नका, त्या आकारात वाचता येत नाही. फोनवरच्या आयकॉनसाठी १०८ बाय १०८ डीपीचा (हे अँड्रॉइडचं माप, पिक्सेल नव्हे) कॅनव्हास असतो आणि मधलं ६६चं वर्तुळच हमखास दिसतं. बैलाचे दोन्ही डोळे आणि शिंगांची टोकं त्या वर्तुळात बसवा. बसत नसतील तर तोंड लहान करा, शिंगं कापू नका.